भैरू सातपुत्यांची बाकी

वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर:
ब्लॅडर एक, साडेतीन रुपये.
वादी, दोन आणे.
लिंबं हाफटाइमला, चार आणे.
खाली सही: गो. रा. शिंत्रे, राखीव गोली व खजिनदार.
साल बावन्न.

राखीव म्हणजे हवा भरायची,
बॉलच्या तोंडाला वादी आवळायची,
आणि कुणी आडवा झाला की
पाण्याची बादली घेऊन पळायचं.

आमच्यात पाच शिवाजी पेठेचे, चार मंगळवारातले.
पेठेबाहेर पास गेला
तर घरी जेवायला मिळणार नाही,
असं खेळत होते जुलैभर.
हिंदुराव इंगवल्याला आदगोंडा दिसायचाच नाही,
तो दहा हातांवर मोकळा उभा असला तरी.
संध्याकाळी मात्र सगळे कट्ट्यावर,
म्हशीच्या आचळाखाली एकच पेला फिरवत,
मिशीला फेस,
आणि हरलेल्या मॅचबद्दल एकमेकांच्या तालमींना शिव्या.

मिरजेला चिखल घोट्यापर्यंत.
बॉल पिऊन पिऊन पायलीच्या मापाएवढा जड.
हिंदुरावनं डोकं घातलं,
वादीची गाठ कपाळावर उमटली,
दिसेना झालं म्हणून त्यानं नुसताच पाय मारला
आणि तो पास आदगोंडाला गेला.
दोन-एक.
येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.
जयसिंगपूर गेल्यावर दस्तगीर हसायला लागला
तो रुकडीपर्यंत थांबला नाही.

त्यानंतर जिंकतच गेलो, कसं ते विचारू नका.
मग पुण्याहून कागद आला:
फायनलला बूट सक्तीचे.

अकरा जणांत बूट एकाकडे,
तेही सॅम्युअलच्या थोरल्या भावाच्या लग्नातले.

भैरू सातपुते पायताण शिवायचे.
बूट त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता.
सॅम्युअलचा एक बूट रात्रभर उसवून बघितला,
सकाळी म्हणाले, होतंय.
वर्तमानपत्र अंथरून एकेकाचा पाय ठेवून घेतला,
पेन्सिल फिरवली,
बातम्यांवर अकरा जणांची पावलं.
मी दाराशी वही धरून.
"तुझा ठेव."
मी म्हटलं, मी खेळत नाही.
"पाय तर हाय न्हवं?"

नऊ दिवस.
खाली चामड्याचे तीन थर ठोकलेले,
वास सबंध डब्यात, पुण्यापर्यंत.
एक बाई नाकाला पदर लावून दुसऱ्या डब्यात गेली.

फायनल एक-शून्यनं गेली.
बुटांना दोष देऊ नका, सरांनी दिला होता.
बूट टिकले. आम्हीच
त्यांच्यात पाय कुठं टाकायचा हे विसरलो,
जमीन तळव्याला काही सांगेना.
दुसऱ्या हाफात तातोबा सासने म्हणाला, काढू का रे?
रेफरी बघत होता.

दर जोडाला सहा रुपये, अकरा जोड, सहासष्ट.
कॉलेजनं चाळीस दिले.
उरलेले पुढच्या टर्मला, असं ठरलं.
पुढच्या टर्मला मी वीज कंपनीत लागलो,
सर बदलून गेले,
टीमचं नावसुद्धा दुसऱ्यांनी लिहायला घेतलं.

सातपुते रस्त्यात भेटत.
पैशाचं कधी काढलं नाही.
माझ्या पायाकडं बघत, आणि पुढं जात.

एकोणसत्तर साली पाकिटात पैसे घालून गेलो.
तिथं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान.
पोरगा म्हणाला, कोण सातपुते?
मी उगाच एक पिन विकत घेतली.

बारावा जोड माझ्याकडं आहे.
एकदाही घातला नाही, आता घोटे सुजतात, जाणारही नाही.
वहीत त्याची किंमत लावायला
दोन-तीनदा बसलो.